शेवटच्या सतरंजीपर्यंत टीव्ही कसा पोचवायचा?

गावाच्या लोकवर्गणीतून आमच्या शाळेत ४३ इंची टीव्ही आला, तेव्हा सरपंचांनी नारळ फोडला, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी शिरा केला आणि चौथी-पाचवीच्या एकत्र वर्गात पहिला व्हिडिओ लागला तो चंद्राच्या कलांचा. चोपडा तालुक्यातलं सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, दोन खोल्या, दोन शिक्षक. व्हिडिओ संपल्यावर मी विचारलं, "समजलं का रे सगळ्यांना?" एका सुरात "हो" आलं. मी खूश झाले.

रात्री दिसेल तो चंद्र वहीत काढून आणायला सांगितला होता. दुसऱ्या दिवशी एक मुलगी कोरी वही घेऊन जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, चंद्र कोणत्या बाजूने कापलेला असतो?"

चष्मा लावूनही तिची नजर अधू आहे, हे मला ठाऊक होतं. पण तिने चंद्राची कोर कधी पाहिलीच नसेल, आणि माझ्या टीव्हीवरचीही तिला दिसली नसेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. व्हिडिओ चालू असताना ती शेजारणीच्या तोंडाकडे बघत होती. शेजारीण हसली की हीही हसत होती. त्याच वर्गात कानाला यंत्र लावणारा एक मुलगा. टीव्हीचा आवाज सहन होईना म्हणून त्याने यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. आणि शेवटच्या सतरंजीवर नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडून केळीच्या बागेत कामाला आलेल्या पावरा आदिवासी कुटुंबातला एक मुलगा. घरी पावरी बोलणाऱ्या त्या पोराला 'शुक्ल पक्षातील प्रतिपदेपासून' हे कळायचं कसं? आदल्या दिवशी "हो" म्हणणाऱ्यांत ही तिघंही होती.

त्यानंतर मी या विषयात शिरले. जे कळलं, जे करून पाहिलं, ते माझ्यासारख्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी सोपं करून सांगते.

मूल नेमकं कुठे अडतं?

शाळेत नवीन यंत्र आलं की प्रशिक्षणात यंत्रच शिकवतात. केबल कुठली, बटण कुठलं, अ‍ॅप कसं उघडायचं. तेवढं यायलाच हवं. पण 'प्रत्येक मुलासाठी' असं म्हटलं की यंत्र बाजूला ठेवून आधी मुलाकडे बघावं लागतं. या धड्यात हे मूल नेमकं कुठे अडतं? दिसत नाही, ऐकू येत नाही, भाषा कळत नाही म्हणून उंबऱ्यावरच अडतं? सगळं पोचूनही गोडी लागत नाही म्हणून अडतं? की कळलेलं असतं, पण लिहून दाखवता येत नाही म्हणून अडतं?

अमेरिकेत १९८४ साली सुरू झालेल्या 'कास्ट' या संस्थेने याच तीन जागा धरून एक पद्धत मांडली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, सांगणं मात्र घरगुती आहे. धडा मुलापर्यंत जायला एकाहून जास्त वाटा ठेवा. मुलाला उत्तर द्यायला एकाहून जास्त वाटा ठेवा. आणि मुलाचं मन लागावं यासाठीही एकाच गोष्टीवर विसंबू नका. वाटा आधीच ठेवायच्या, मूल अडल्यावर शोधत बसायचं नाही.

ही कल्पना मुळात इमारतींच्या जगातली. रॉन मेस नावाचे अमेरिकन वास्तुविशारद स्वतः चाकाच्या खुर्चीवर असत. इमारत पहिल्यापासूनच सगळ्यांना वापरता येईल अशी बांधावी, असं ते म्हणत. आपल्या शाळेतला रॅम्प आठवा. तो चाकाच्या खुर्चीसाठी बांधला, पण मतदानाच्या दिवशी काठी टेकत येणारी आजी त्याच्यावरूनच चढते, पोषण आहाराच्या तांदळाची गोणी त्याच्यावरूनच ओढतात आणि पहिलीतली पोरं दिवसभर त्याच्यावरच घसरतात. एका मुलासाठी केलेली सोय दहा जणांच्या कामी येते, हा अनुभव वर्गातही येतो. व्हिडिओखाली मराठी ओळी लावल्या त्या कानाचं यंत्र लावणाऱ्या मुलासाठी. त्या वाचत वाचत वाचनात मागे असलेली तीन मुलं पुढे आली.

ही शिक्षकाची मेहेरबानी नाही, हेही सांगायला हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. वाचन-लेखनात अडणारी, ज्याला आपण अध्ययन अक्षमता म्हणतो ती मुलंही आता त्यात आहेत. अशा मुलांना इतरांबरोबर एकाच वर्गात, लागेल ती सोय देऊन शिकवावं, असं हा कायदा सांगतो.

डोळ्यांची वाट

मार्च उजाडला की जळगाव-भुसावळकडे ऊन असं असतं की सकाळच्या शाळेतही खिडकीतून पांढरा झोत येतो. तो पडद्यावर पडला की चांगल्या नजरेच्या मुलालाही निम्मं दिसत नाही. म्हणून पहिला खर्च शून्य रुपयांचा: टीव्ही खिडकीच्या समोरच्या भिंतीवरून काढून खिडकीच्याच बाजूच्या भिंतीवर, कोपऱ्यात लावा. आमचा टीव्ही चुकीच्या भिंतीवर लागला होता. हलवायला एक ड्रिल मशीन आणि अर्धा तास लागला.

दुसरी गोष्ट अंतराची. ३ मीटरवरून टीव्हीवरचं ३ सेंटिमीटरचं अक्षर डोळ्याला जेवढं दिसतं, तेवढंच ३० सेंटिमीटरवर धरलेल्या फोनवरचं ३ मिलिमीटरचं अक्षर दिसतं. फोन १५ सेंटिमीटरवर आणला की तेच अक्षर दुप्पट. म्हणजे अधू नजरेच्या मुलीला मोठा टीव्ही फारसा उपयोगाचा नसेल, पण तोच व्हिडिओ हातातल्या जुन्या फोनवर लावून दिला तर तो टीव्हीपेक्षा मोठा ठरतो. मी माझा जुना फोन तिला वर्गापुरता देते. त्यात एक सोय आधीपासूनच असते: सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाच्या भागात 'मॅग्निफिकेशन' सुरू केलं की पडद्यावर एकाच बोटाने लागोपाठ तीनदा टिचकी मारायची. तिथला भाग मोठा होतो. दोन बोटांनी सरकवायचं, पुन्हा तीनदा टिचकी मारली की पूर्ववत. तिने हे एका दुपारी शिकून घेतलं आणि मधल्या सुट्टीत पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून तो मोठा करून वाचायला लागली. ते मी शिकवलं नव्हतं.

तिच्या वडिलांना काळजी वाटली. शेतातून थेट शाळेत आले आणि म्हणाले, "मॅडम, फोन दखीसन पोरगीना डोया आजून खराब व्हतीन ना?" प्रश्न खराच आहे, बहुतेक पालकांना पडतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांची समजूत घातली: नजर अधू असलेलं मूल वस्तू डोळ्याजवळ धरतं, कारण जवळ धरल्याने ती मोठी दिसते. त्याने नजर आणखी जात नाही. "फोन लांब धर" असं अशा मुलाला दटावलं, तर त्याच्या हातातलं भिंगच काढून घेतल्यासारखं होतं.

अजिबात न दिसणाऱ्या मुलासाठी बोलणारी सॉफ्टवेअर असतात. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असतंच. संगणकासाठी 'एनव्हीडीए' आहे, तेही फुकट. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये ते सुरू केलं, आणि ते मराठी वाचतं. पडद्यावर बोट किंवा कर्सर जिथे जाईल तिथलं ते बोलून दाखवतं.

इथे माझी एक चूक सांगते, कारण ती आपल्यातले बरेच जण रोज करतात. एका अंध विद्यार्थ्यासाठी मी मोठ्या हौसेने सराव प्रश्नपत्रिका संगणकावर टाइप करून दिली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, ती इंग्रजीत आहे आणि इंग्रजीतही काहीच्या काही आहे." मला कळेना. मी पानावर स्वच्छ मराठी बघत होते.

झालं होतं असं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात मराठी नसतंच. तिथे इंग्रजी अक्षरं असतात आणि त्यांच्यावर मराठीचं चित्र चढवलेलं असतं. कृतिदेवमध्ये 'काम' लिहिलं तर आत साठतं डी, के, ई. डोळ्यांना 'काम' दिसतं. बोलणारं सॉफ्टवेअर चित्र बघत नाही, पोटातलं वाचतं, म्हणून 'डी के ई' असलं काहीतरी म्हणतं. युनिकोडमध्ये मात्र 'क' हा संगणकाच्या आतही 'क'च असतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि देवनागरी तेव्हापासून त्यात आहे. फोनवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच. तेव्हा प्रश्नपत्रिका, सूचना, केंद्रावरून येणारी पत्रकं युनिकोडमध्ये केली की अंध मुलाला ती आपोआप वाचता येतात. जुनी फाइल असेल तर ती युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर आहेत. कागदाचा फोटो काढून पाठवला, तर मात्र तो या सॉफ्टवेअरसाठी नुसता फोटो. त्यातली अक्षरं आधी दुसऱ्या अ‍ॅपने ओळखून काढावी लागतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर गृहपाठाचा फोटो टाकण्याऐवजी चार ओळी टाइप कराव्यात, ते यासाठी.

पुस्तक स्कॅन करून किंवा रेकॉर्ड करून अंध मुलाला दिलं तर कॉपीराइटचा भंग होईल का, असं एका शिक्षण परिषदेत एका सरांनी विचारलं होतं. होत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने तशी मोकळीक दिली आहे, आणि याच विषयावरच्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच होता, २०१४ मध्ये. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात अशी तयार पुस्तकं मिळतात. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना सभासद होता येतं.

आणखी एक छोटी गोष्ट, पण लक्षात ठेवण्यासारखी. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत बरोबर उत्तर हिरवं आणि चूक लाल होतं. काही मुलांना, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. त्यांना आपण चुकलो की बरोबर आलो हेच समजत नाही. रंगाबरोबर बरोबरची खूण आणि फुली असली की झालं.

कानांची वाट

कानाचं यंत्र म्हणजे चष्म्यासारखं, लावलं की झालं, असं मी बरीच वर्षं समजत होते. चष्मा दिसणं नीट करतो. यंत्र मुख्यतः आवाज मोठा करतं, आणि आवाज म्हणजे सगळे आवाज: माझा, पंख्याचा, बाहेर चाललेल्या ट्रॅक्टरचा, पत्र्यावर आपटणाऱ्या फांदीचा. शिवाय अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर मी जे बोलते ते चार मीटरवर १२ डेसिबलने कमी पोचतं. पंखा मात्र त्याच्या डोक्यावरच असतो. म्हणून यंत्र एक-दोन मीटरच्या आतच खरं कामाचं.

मग काय करायचं? त्याला पंख्याखालून आणि दाराजवळून उठवून माझ्या जवळ बसवलं. मी खिडकीकडे पाठ करून उभी राहणं सोडलं. पाठीमागून उजेड आला की माझा चेहरा काळा दिसतो आणि त्याला ओठ वाचता येत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोलायची वीस वर्षांची सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आता आधी लिहिते, मग वळते, मग बोलते. टीव्हीचा कर्कश स्पीकर बंद करून एक साधा ब्लूटूथ स्पीकर मुलांच्या मधोमध ठेवला. आवाज कमी ठेवूनही सगळ्यांना ऐकू जातं आणि त्याचं यंत्र खिशातून कानात आलं.

फोनवर 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' नावाचं अ‍ॅप आहे. आपण बोलतो ते मराठीत लिहून दाखवतं. नेट चांगलं लागतं, नावं चुकतात, पण वाचता येणाऱ्या मुलाला ते धागा पकडून ठेवायला पुरतं. जी मुलं खुणांच्या भाषेत बोलतात, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषेचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश इंटरनेटवर आहे. दिल्लीच्या ज्या केंद्राने तो केला, त्याचा आणि एनसीईआरटीचा २०२० मध्ये पाठ्यपुस्तकं खुणांच्या भाषेत आणण्याचा करार झाला. पण खुणा एकट्या मुलाला येऊन उपयोग नाही. रोज परिपाठात एक खूण, असं आम्ही ठेवलं. पोरं ती इतकी चटकन शिकली की आता वर्गात आवाज न करता गप्पा चालतात आणि मला त्या ओळखाव्या लागतात.

यंत्राच्या बॅटरीबद्दल पालकांना जरूर सांगा. कानामागे लावायच्या यंत्राची छोटी गोल बॅटरी हवेवर चालू होते. तिच्यावरचा रंगीत कागद सोलला की हवा आत जाते; मिनिटभर तशीच ठेवून मग यंत्रात घालायची. कागद परत चिकटवून ती वाचत नाही. तालुक्याच्या ठिकाणाहून एकदम आणलेल्या बॅटऱ्यांचे कागद घरातल्या लहानग्याने खेळता खेळता सोलले, तर सगळ्याच संपायला लागतात.

केळी की केयी?

आता आपल्या खानदेशाची खास अडचण.

मूल मोठ्याने वाचतं, फोन ऐकतो आणि चुकलेला शब्द दाखवतो, अशी अ‍ॅप आता मराठीतही आहेत. कल्पना फार चांगली आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत तीस मुलांचं वाचन रोज एकेकाचं ऐकणं शक्यच नसतं. मी एका मुलीला असं अ‍ॅप लावून दिलं. तिने 'शाळा' वाचलं. लाल. पुन्हा वाचलं. लाल. 'केळी' वाचलं. लाल. डोळ्यांत पाणी आलं पोरीच्या. मी जवळ जाऊन ऐकलं, तर ती 'शाया' आणि 'केयी' म्हणत होती.

अहिराणीत आणि लेवा गणबोलीतही 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. ज्या जिल्ह्याच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, त्या जिल्ह्यातली पोरगी घरी केळीला केयी म्हणते. तिने अक्षर बरोबर ओळखलं होतं, अर्थही तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होता. तिचे वडील केळीच ट्रकमध्ये भरतात. फोनला ते चूक वाटलं, कारण आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर हजारो तासांच्या ध्वनिमुद्रणातून शिकतं. त्यात जी बोली भरपूर आहे ती त्याला कळते. लहान मुलांचे आवाज त्यात कमी, आणि अहिराणी, भिली, पावरी, मावची बोलणारी मुलं तर फारच कमी. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीने १९०७ च्या खंडात खानदेशीची, म्हणजे अहिराणीची, वेगळी नोंद केली होती. फोनपर्यंत ती अजून नीट पोचलेली नाही.

शिक्षकाचं काम इथेच आहे. वाचनाची चूक कोणती आणि बोलीचा उच्चार कोणता, हे फोनला कळत नाही, आपल्याला कळतं. 'शाळा' हा शब्द 'माळा' असा वाचला तर ती वाचनाची चूक. 'शाया' वाचला तर मुलाला वाचता येतंय. प्रमाण उच्चार सावकाश येईल, त्यासाठी वर्षं पडली आहेत. मी आता अ‍ॅपचे गुण पाहत नाही. मुलं वाचतात त्याचं रेकॉर्डिंग करून संध्याकाळी पाच-सहा ऐकते.

पावरी बोलणाऱ्या मुलासाठी यंत्र उलट्या बाजूने वापरलं. त्याच्या आईला चंद्राच्या कलांची चित्रं दाखवली आणि त्यांच्याबद्दल तिच्या भाषेत बोलायला सांगितलं, फोनवर रेकॉर्ड केलं. दोन मिनिटांचा आवाज. वर्गात आधी तो लावला, मग मराठी व्हिडिओ. पहिल्यांदा तो मुलगा इतरांना सांगत होता की ती काय म्हणते आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांत शिकवणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही, ते तोंडी हे कधीपासून करत आले आहेत. रेकॉर्डिंगने एवढंच झालं की त्याची आई कामावर असताना तिचा आवाज वर्गात राहिला.

ही कुटुंबं दिवाळीनंतर जातात, कुणी ऊसतोडीला गुजरातेत, कुणी बागांवर, आणि होळीला गावी परततात. त्या महिन्यांत मूल कुठल्या शाळेत असेल सांगता येत नाही. सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरचे धडे नेट असताना वडिलांच्या फोनवर उतरवून दिले, तर नेट नसलेल्या फडावरही चालतात. पुस्तकातला क्यूआर कोड त्याच धड्यांकडे नेतो.

उत्तर देण्याची वाट

तोंडी सगळं सांगणारा, पण वहीत दोन ओळी लिहिताना घामाघूम होणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. विज्ञानाच्या परीक्षेत आपल्याला त्याचं विज्ञान तपासायचं आहे की हस्ताक्षर? विज्ञान तपासायचं असेल तर त्याला बोलून उत्तर देऊ द्या. फोनच्या कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठी बोललं की ते टाइप होतं. गूगलने मराठीसाठी ही सोय २०१७ मध्ये आणली. आधी बोलायचं, मग उमटलेलं स्वतः वाचून दुरुस्त करायचं. या दुरुस्तीतच तो लिहायलाही शिकतो. भाषेच्या तासाला मात्र त्याला हाताने लिहायला लावते, तिथे तेच शिकायचं असतं.

एका फोनवर सगळ्या वर्गाचं उत्तर घेण्याची एक युक्ती मला फार आवडते. 'प्लिकर्स'ची कार्डं कागदावर छापून मिळतात, प्रत्येकावर वेगळी काळी आकृती. कार्ड ज्या बाजूने वर धरलं, ते उत्तर. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते फोनवर येतं. मुलांकडे फक्त कागद. आकृत्या वेगवेगळ्या असल्याने शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही, आणि जे मूल तोंड उघडत नाही तेही उत्तर देतं. "समजलं का?" या माझ्या प्रश्नाला आलेलं ते एका सुरातलं "हो" या कार्डांनी पहिल्याच दिवशी उघडं पाडलं असतं.

आणि शिक्षक?

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू केलर या शिक्षणाच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये एक मांडणी केली, ती मला पटते. विषय येणं, शिकवता येणं आणि यंत्र येणं ही तीन वेगळी ज्ञानं आहेत, आणि कोणत्या धड्याला कोणतं यंत्र कसं लावायचं हे त्या तिन्हींच्या जोडातून येणारं चौथं. प्रशिक्षणात बहुधा तिसरंच मिळतं. चौथं वर्गातच येतं, आणि त्याला वेळ लागतो. ऑनलाइन माहिती भरणं, आहाराची नोंद, सर्वेक्षणं यांतून दोन शिक्षकांच्या शाळेला तो वेळ मिळत नाही, हे वरच्या अधिकाऱ्यांनी खरंच ऐकायला हवं.

माझा अनुभव असा की एका वेळी एकच गोष्ट धरावी आणि तीन-चार आठवडे सोडू नये. शेजारच्या शाळेतल्या सहकाऱ्याला ती वापरताना एकदा बघावं. तीन दिवसांच्या व्याख्यानापेक्षा ते जास्त कळतं. आणि बिघडलं तर मुलांसमोर बिघडू द्यावं.

आमच्या शाळेतले दुसरे गुरुजी निवृत्तीला आले आहेत. टीव्हीच्या रिमोटला ते बिचकायचे. पण 'चंद्र कोणत्या बाजूने कापलेला असतो' या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं. डब्यातली कळण्याची भाकरी काढली, तिच्या हातात दिली. ही पौर्णिमा. मग एका बाजूने तोडत गेले, ही अष्टमी, ही कोर. तिने बोटांनी कड चाचपली. मग गुरुजी म्हणाले, "पण बेटा, चंद्र खरं तर कापलेला नसतो," आणि एका चेंडूच्या निम्म्या भागावर गोणपाट चिकटवून आणलं. गोणपाटाची खरखरीत बाजू उजेडाची, गुळगुळीत बाजू अंधाराची. चेंडू तिच्यासमोर सावकाश फिरवला आणि तिच्या बाजूला गोणपाट किती येतं ते तिला हाताने बघायला लावलं. आधी उजव्या कडेला थोडं, मग निम्मं, मग सगळं. चांगल्या नजरेची पोरंही रांग लावून उभी राहिली. व्हिडिओने त्यांना चंद्र दाखवला होता. तो असा का दिसतो हे चेंडूने कळलं. गुरुजींना आता रिमोटही येतो, आणि मी कुठलाही व्हिडिओ लावायच्या आधी त्यांना विचारते की यातलं हाताला लागेल असं काय करता येईल.

थोडं व्यवहाराचं

वीज जातेच. एलईडी टीव्हीला प्रोजेक्टरच्या मानाने बरीच कमी वीज लागते, त्यामुळे इन्व्हर्टरवर तो जास्त चालतो. लोकवर्गणी ठरवताना हे लक्षात घ्या. धडे आदल्या रात्री घरच्या नेटवर उतरवून पेनड्राइव्हमध्ये आणावेत.

मुलांचे फोटो, आवाज, प्रमाणपत्रं गावाच्या गटावर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यावी, असं सांगितलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची अ‍ॅप धडा सोपा करून द्यायला कामाची आहेत. दिलेलं वाचून तपासावं लागतं, आणि त्यांना मुलाचं नाव किंवा आजार सांगायचा नाही.

श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, ब्रेल साहित्य समग्र शिक्षा योजनेतून मिळतं. आधी तपासणीचं शिबिर होतं, नंतर वाटपाचं. कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को बरंचसं साहित्य बनवते. गटसाधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक हे सगळं जुळवून देतात, त्यांचा नंबर मुख्याध्यापकांकडे असतो. दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडी कार्डाचा, अर्ज ऑनलाइन करता येतो, तपासणीला मात्र मुलाला घेऊन जावंच लागतं. शिबिराची तारीख अनेकदा आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येते. पाड्यावरच्या आईबापांना तालुक्याला यायचं तर दोघांची त्या दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. तारीख कळली की त्याच क्षणी कुणाला तरी त्यांच्या घरी पाठवा. आठवडाभर आधी कळलं तर मुकादमाला सांगून ते येतात.